पांढऱ्या गिलक्याचं बी

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून गावाहून मामाचं पत्र आलं की तू ते आधी माझ्याकडून वाचून घ्यायचीस आणि बापू कारखान्यातल्या पाळीवरून आले की पुन्हा त्यांच्याकडून. दोघांच्या वाचण्यात एका शब्दाचा जरी फरक पडला तरी तू माझ्याकडे अशी बघायचीस, की मी मधली ओळ खाल्लीच आहे. एकदा मी खरंच खाल्ली होती. मामीच्या बाळंतपणाची ओळ होती आणि ती मोठ्याने वाचायची मला लाज वाटली होती. तीच ओळ बापूंच्या तोंडून ऐकल्यावर तू पुढे महिनाभर माझ्या कुठल्याच वाचण्यावर विश्वास ठेवला नाहीस. त्या मानाने हे पत्र लिहायला सोपं आहे. ते तुला कुणी वाचून दाखवणार नाही, त्यामुळे मधलं कुणी गाळलं असा संशय तुला घेता येणार नाही. गाळलंच तर मी लिहितानाच गाळेन.

परवा रथसप्तमी झाली. थंडी आता पहाटेपुरतीच उरली आहे, दहा वाजता पाठ तापते. दिंडोलीतल्या आमच्या घरामागे भिंत आणि गटार यांच्यामध्ये दहा-बारा हात जमीन आहे, तिथेच आज सकाळपासून आहे मी. पापडीचे वाळलेले वेल ओढून काढले, माती खणून ढेकळं उन्हाला उलटी टाकली. तबेल्यातून शेणखत आणलं. देणारा म्हणाला, "बेन, एकदम जूनुं छे," तरी मी मुठीत घेऊन दाबून पाहिलं आणि आतून ओलं निघालं. मग ते तिथेच परत ओतलं आणि त्याच्यासमोर दुसऱ्या ढिगातलं भरून घेतलं. नवरा हसतो मला. म्हणतो, तुला देवाने प्रसाद दिला तरी तू आधी हुंगशील. त्यानंतर ओट्यावर सूप घेऊन बसले आणि तुझ्यासारखं सुपातच परस मांडलं. वरची कड म्हणजे भिंत, उजवा कोपरा म्हणजे नळ, खालची कड म्हणजे गटार. नळाच्या बाजूला भेंडीचं बी, भिंतीला कारलं, मधल्या उन्हात गवार. तू मला असंच शिकवायचीस. मी मिरचीचं बी वेलाच्या शेजारी ठेवलं की बोटावर टिचकी मारायचीस. "सावलीमा मिरची येस का?" म्हणायचीस, आणि मी ते बी निमूटपणे उन्हाच्या कोपऱ्यात सरकवायची. सगळं सूप भरलं की तू ते दारावरून जाणाऱ्या कुणाला दिसू नये म्हणून पदराखाली घेऊन आत जायचीस.

आपल्या नवागामच्या खोलीमागची जागा यापेक्षाही लहान होती. बापू उधन्याच्या कारखान्यातून सुताच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि गुंतलेलं टाकाऊ सूत आणायचे. नळ्यांमध्ये तू माती भरून रोपं करायचीस आणि सुताचा मांडव विणायचीस. त्या मांडवावर तुझ्या माहेरचं गिलकं चढायचं, आखूड, पांढरट, साय धरल्यासारख्या सालीचं. खोल्यांच्या सगळ्या ओळीत तसं गिलकं कुणाकडे नव्हतं. गुजराती बायका लांब हिरवं गलकं आणायच्या, तू त्याला चिंध्या म्हणायचीस. हिवाळा सरेपर्यंत आठ-नऊ गिलकी तू वेलावरच वाळू द्यायचीस. वाळली की कानाशी हलवून बी वाजतं का बघायचीस आणि मग ती देठाला सूत बांधून स्टोव्हच्या वरच्या खुंटीला टांगायचीस. त्यातलं बी कधी घराबाहेर गेलं नाही. सख्ख्या मावशीने मागितलं तर तू तिला म्हणालीस, या वर्षी किडलं. ते किडलं नव्हतं, मी हलवून पाहिलं होतं.

मग ते प्लेगचं वर्ष आलं. दोन गाठोडी घेऊन आपण स्टेशनवर पळालो आणि दिवाळी उलटेपर्यंत मामाकडे राहिलो. आपल्या ओळीतल्या बहुतेक खोल्यांना कुलूप होतं. शेजारच्या परभणीच्या मावशी मात्र गेल्या नाहीत. त्यांना गावाकडे कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांच्या नवऱ्याचा, काकांचा, मालक म्हणाला होता की आता गेलास तर तुझा माग दुसऱ्याला चालवायला देईन. आपण परत आलो तेव्हा घराला धूळ होती, पण मागचा वेल हिरवा होता. मावशींनी दोन महिने रोज आपल्या वाफ्याला पाणी घातलं होतं. एकही फळ तोडलं नव्हतं, ती वेलावर वाळून तांबूस झाली होती. मावशी कौतुकाच्या अपेक्षेने दारात उभ्या होत्या. तू हसून त्यांना आत बोलावलंस, चहा दिलास, आणि त्या गेल्यावर मांडवाखाली जाऊन वाळलेली गिलकी मोजलीस. सात होती. तू म्हणालीस, जाताना नऊ होती. "ती पानी कसाले टाकत व्हती? फुकट कोन कोनले पानी टाकस?" बापू म्हणाले, दोन उंदरांनी नेली असतील. तू त्यांच्याकडे पाहिलंसही नाही. मला आता आठवतं ते एवढंच, की आपण पळालो त्या सकाळी तू रडत होतीस, माझ्या चपला सापडत नव्हत्या आणि बापू दारातून ओरडत होते. त्या घाईत तू गिलकी कधी मोजलीस, हे मला अजून कळलेलं नाही.

माघात आपल्या खोलीत संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. तू उशीर करत करत रथसप्तमीलाच घातलंस, कारण आधी सगळ्यांनी काय वाण दिलं ते तुला पाहायचं होतं. पंधरा-वीस बायका दाटीने बसल्या होत्या. तू गिलक्याची भजी केली होतीस, वेलावरची शेवटची कोवळी फळं होती. मावशींनी दोन खाल्ली, बोटं पुसली आणि सगळ्यांदेखत मागितलं. "ताई, ह्याचं चार बी मला द्या की ओ. दोन महिने पाणी घालून मला त्या वेलाची मायाच लागली बगा." बायकांमध्ये सवाष्णीला तोंडावर नाही म्हणणं, तेही स्वतःच्या हळदीकुंकवात, तुला शक्य नव्हतं. तू मावशींच्या कपाळाला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, "देसू ना. सकाय पोरले धाडसू." मी तुझ्या शेजारी ताट धरून उभी होते. तुझ्या हाताची करंगळी थरथरत होती ती मलाच दिसली.

सकाळ झाली. मी शाळेच्या कपड्यांत, तू स्टोव्हसमोर. शेवटची भाकरी टोपल्यात गेली तरी तू तवा उतरवत नाहीस. उठून खुंटीवरचं एक गिलकं काढतेस, त्याचं खालचं टोपण फोडतेस आणि तळहातावर काळं बी ओततेस. त्यातलं चपटं, हलकं बाजूला काढतेस. मला वाटतं, चांगलं निवडून देते आहेस. मग ते चांगलं बी तू तव्यावर टाकतेस आणि दाणे भाजताना हलवतेस तसं बोटांनी फिरवतेस. रंग बदलत नाही, काळं ते काळंच राहतं. थोडासा करपट तेलकट वास येतो. मी विचारलं, हे खायचं असतं का. तू म्हणालीस, "बी दिधं का मंग आपलं काय राहस?" आणि ते गार करून वहीच्या कागदात बांधलंस, माझ्या हातात दिलंस. "कोनले सांगजो नको." मी अकरा वर्षांची होते. घाबरायला हवं होतं, पण मला अभिमान वाटला. तुझ्या आणि माझ्यामध्ये पहिल्यांदा काहीतरी होतं जे बापूंना माहीत नव्हतं. पुडी अजून कोमट होती. मावशींनी ती दोन्ही हातांत घेतली आणि कपाळाला लावली.

त्यांनी आपल्याकडूनच पुठ्ठ्याच्या नळ्या नेल्या, तू शिकवलंस तशी राख मिसळून माती भरली, एकेका नळीत एकेक बी. रोज शाळेतून येताना मला हाक मारायच्या. "बग गं, तुझे डोळे चांगले हायत. काही दिसतंय का?" मी वाकून पाहायचे आणि म्हणायचे, अजून नाही मावशी. आपल्या मागच्या वाफ्यात तोवर दोन पानं वर आली होती. तू त्यावर फुटकी टोपली पालथी घातली होतीस. ऊन लागू नये म्हणून, असं सांगितलं होतंस. एवढ्याशा उन्हाने गिलक्याला काय होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

वीसेक दिवसांनी मावशी दुपारच्या आल्या. तू पाय पसरून मजुरीवर आणलेल्या साडीचे सुटे धागे कापत बसली होतीस, मी कापलेले धागे गोळा करत होते. त्यांनी मूठ उघडून तुला दाखवली. नळीतून उकरून काढलेलं एक बी होतं, फुगलेलं, मऊ झालेलं. तू ते बोटाने दाबलंस, अगदी वैद्यासारखं, आणि म्हणालीस, "पानी जास्त व्हयी गयं तुनं." या एका वाक्यासाठी मी तुझ्यावर पुष्कळ वर्षं रागावले आहे, माय. भाजलंस ते समजू शकते मी. भीती होती तुला, माहेरचं एवढंच तुझ्याकडे उरलं होतं. पण वरून सल्ला द्यायची काय गरज होती? मावशी म्हणाल्या, "असंल ताई. माझ्याच हाताला यश न्हाई. पोटात दोनदा काही राहिलं न्हाई, मातीत काय राहतंय." हे त्या रडून बोलल्या नाहीत, हवापाण्याचं बोलावं तसं बोलल्या. तुझी कात्री थांबली. मी पाहिलं, साडीचा धागा दोन पात्यांमध्ये होता आणि तू तो कापला नाहीस.

मग तू उठलीस. "थांब," म्हणालीस आणि आतल्या बाजूला गेलीस. स्टोव्हवर चहाचं आधण होतं. मला तुझी पाठ दिसत होती आणि खुंटीवरून हात खाली आलेला दिसला. थोड्या वेळाने तू पुडी घेऊन बाहेर आलीस आणि त्यांच्या हातात दिलीस, या खेपेला स्वतःच्या हाताने. तो थोडा वेळ किती होता? पुढे लग्नानंतर मी माझ्या स्वयंपाकघरात बाजारातलं बी तव्यावर घालून पाहिलं आहे. दोन मिनिटं पुरतात, त्यातलं एकही उगवलं नाही. पण स्टोव्हवर त्या दिवशी आधण होतं, तवा नव्हता. मग वाटतं, नसेल भाजलं. मग वाटतं, तुझ्याकडे आधीच भाजलेल्या बियांची एखादी पुडी डब्यात असेल, कारण तू उद्याची भाजीसुद्धा आज निवडून ठेवणारी बाई. मावशींना ती दुसरी पुडी लावायला इथे वेळच मिळाला नाही. होळीच्या आधी काकांना कडोदऱ्याला काम लागलं आणि ते दोघं टेम्पोत सामान टाकून गेले. अजूनही त्या बाजूला बसने गेले की मी खिडकीशी बसते आणि प्रत्येक कुंपणावर पांढरट गिलकं दिसतं का बघते. नवऱ्याला वाटतं मला बस लागते.

माझ्या लग्नाचं तुला सांगायला नको. तो वऱ्हाडातला, आपल्यातला नाही, आणि मी तुला विचारलं नाही, सांगितलं. तू चार महिने माझ्याशी बोलली नाहीस. मला काही विचारायचं असलं की बापूंना सांगायचीस, "तिले इचार." मी समोर उभी असताना. देवळात लग्न लागलं तेव्हा तू मागे खांबाशी बसलीस. निघायच्या वेळी बायकांनी तुला पुढे ढकललं. तू माझी ओटी भरलीस, कुंकू लावलंस, आणि मग कमरेची पिशवी सोडून त्यातून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवलीस. "हाई ले. तुना दारमा लावजो." कधी घराबाहेर न गेलेलं बी तू मला देत होतीस, आणि सगळ्या बायका बघत होत्या, आणि तुझ्या ओठांवर तेच हसू होतं जे हळदीकुंकवाच्या दिवशी होतं. मी पुडी चाचपून पाहिली. गरम होती. ती तुझ्या कमरेला होती, मे महिना होता, गरम असणारच. हे मला आत्ता लिहिताना समजतं. तेव्हा मी नुसती तुझ्या करंगळीकडे बघत होते.

ते बी मी लावलं नाही. पहिल्या माघात वाफा तयार केला, भिंतीला सूत बांधलं, पुडी बाहेर काढली आणि परत डब्यात ठेवली. बाजारातून पाकीट आणून ते लावलं. त्या उन्हाळ्यात तू पहिल्यांदा माझ्या घरी आलीस. चपला काढायच्या आधी मागे गेलीस. वेल भिंतीवर चढला होता, लांब हिरवी फळं लोंबत होती, ज्यांना तू चिंध्या म्हणायचीस तीच. मी मागून म्हणाले, तुझंच बी आहे. का म्हणाले कुणास ठाऊक, तुझ्या तोंडावर इतकं धडधडीत खोटं मी कधी बोलले नव्हते. तू एक गिलकं हातात घेतलंस आणि देठापासून टोकापर्यंत अंगठा फिरवलास. मी वाट बघत होते की आता तू वळशील. तू म्हणालीस, "चांगलं उनं." चांगलं आलंय, एवढंच. आणि आत येऊन त्याची भजी खाल्लीस, दोनदा मागून घेतलीस. त्या दिवसाचा मी किती बाजूंनी विचार केला आहे. पुडीतलं बी चांगलं असेल तर तू जाणलंस की मी ते लावलं नाही, माझा तुझ्यावर विश्वास नाही. आणि ते भाजलेलं असेल तर तू जाणलंस की मी खोटं बोलते आहे, आणि तेही तू निमूट पदरात घेतलंस. तू यातलं काय जाणलंस हे मला तुझ्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, आणि मी तुझीच मुलगी आहे.

विचारायला जागा होती. तिसऱ्या वर्षी तू दवाखान्यात सतरा दिवस होतीस, माघच होता. तू मला विचारलंस, "आते काय लावशी?" मी म्हणाले, गिलकं. तू बराच वेळ माझ्याकडे बघत राहिलीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईला पाणी हवं होतं, मी उठून तिला पाणी दिलं, परत आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. तू गेल्यावर बापू खोली रिकामी करून गावाला गेले. खुंटीवरची गिलकी कचरा समजून घरमालकाने टाकली. म्हणजे तुझ्या माहेरचं जे काही उरलं ते माझ्या डब्यात होतं, आणि तरीही मी ते लावलं नाही. दर माघात बाहेर काढायचे, हलवायचे, हुंगायचे. करपट वास येतो का बघायचे. कधी यायचा, कधी नाही.

आज ते लावलं. अकरा बिया निघाल्या, भिंतीच्या कडेला एकेक वीत अंतर सोडून लावल्या, पाणी बेताचं घातलं. हा कागदही मी कुठे पाठवणार नाही, जाळणारही नाही. असाच राहील बियाच्या डब्यात. घरात सगळ्यांना मी आजवर सांगत आले की पोरं लहान होती, जागा नव्हती, पुडी कुठे ठेवली ते सापडत नव्हतं. खरं वेगळं आहे. तुला जाऊन वर्ष झालं तेव्हा बियांच्या दुकानात मी विचारलं होतं, गिलक्याचं बी किती वर्षं जगतं. तो म्हणाला, फार तर पाच, मग आशा सोडायची. ते ऐकून मला किती बरं वाटलं, माय. उगवलं असतं तर मी तुझ्यावर अन्याय केला असता, आणि नसतं उगवलं तर तू माझ्यावर. दोन्हीपैकी काहीच मला पाहायचं नव्हतं. म्हणून पाच वर्षं होऊ दिली, आणि वर पुष्कळ. ते बी मरायची मी वाट पाहत बसले होते.